टिल्लूजींची चेष्टा

आडनाव टिल्लू आणि उंची सहा फुटांच्या वर, हा विनोद इंदूरमध्ये सगळ्यांचा करून झालेला होता. मी नाशिकहून बदली होऊन नवीन आलेली, त्यामुळे पहिल्या भेटीत मलाही हसू फुटलं. टिल्लूजी शांतपणे म्हणाले, "हसून घे बेटा. एकदाच हसायचं असतं, फिर आदत होऊन जाते." हसण्याची नाही, पण टिल्लूजींची आदत मला खरोखर झाली. शनिवारची संध्याकाळ झाली की आजही माझा हात उगाचच स्कूटीच्या किल्लीकडे जातो.

मला त्यांच्याकडे नेलं ते रजनी इंगळेनं. पलासियाच्या आमच्या बँकेत ती माझ्या शेजारच्या काउंटरवर बसायची. राहायला महूला. आजोबा फौजेत होते, विदर्भातून आले आणि महूचेच झाले. रजनी रोज बसनं ये-जा करायची आणि बसची वाट बघताना मोबाइलवर खाली मान घालून काहीतरी टाइप करत असायची. मला वाटलं, कोणाशी तरी जमलेलं दिसतंय! एकदा डबा खाताना छेडलं, तर लाजून म्हणाली, "नाही हो ताई, मी कहाणी लिहिते. मराठीत." वर घाईघाईनं म्हणाली, "ऑफिसात कोणाला सांगू नका, प्लीज."

मी लिहिणारी नव्हे. वाणसामानाच्या यादीपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण परक्या गावात मराठी ऐकायला मिळेल, म्हणून तिच्याबरोबर सुदामा नगरला गेले.

टिल्लूजी बिजली विभागातून निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत ते स्वतः प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायचे आणि दर शनिवारी लिहिणारी माणसं तिथं जमायची. म्हणजे कसली माणसं? ज्यांचं काही छापून येत नाही अशी. एक दातांचे डॉक्टर होते, ते रहस्यकथेचं पहिलं प्रकरण कित्येक वर्षं लिहीत होते. खून झाला होता, पण तो कोणी केला हे डॉक्टरांनाच अजून कळलं नव्हतं. बाकी कोणी शिक्षिका, कोणी औषध दुकानदार. नावाजलेला असा एकही नाही.

दारातच टिल्लूजींनी मला नियम सांगितला. "इथे 'छान' बोलायचं नाही. चपला काढतेस ना, तिथंच तो शब्दसुद्धा काढून ठेव. जाताना घालून जा."

"का हो?"

"छान बोललं की माणूस खूश होतो आणि घरी जाऊन झोपतो. मला त्याला झोपवायचं नाही आहे."

मग ते स्वतः काय म्हणायचे? वाचन चालू असताना डोळे मिटून, लांबच लांब पाय पुढं पसरून बसायचे. नवख्याला वाटायचं, झोपले! वाचणारा थांबला की एक डोळा उघडायचा आणि विचारायचे, "फिर?" बस, एवढंच. चांगलं नाही, वाईट नाही. नुसतं "फिर?" आणि ते असं काही विचारायचे, की पुढं काय झालं हे कळल्याशिवाय त्यांना जेवण जाणार नाही. समोरच्याला मग पुढच्या शनिवारी काहीतरी घेऊन येणं भागच पडायचं. डॉक्टरांच्या त्या खुनालासुद्धा त्यांनी प्रत्येक वेळी तितक्याच काळजीनं "फिर?" विचारलेलं मी ऐकलं आहे. माझी तर सहनशक्ती कधीच संपली होती.

दर गुरुवारी सकाळी त्यांचे फोन व्हायचे. रजनीला एकदा बँकेत आल्या आल्या फोन आला. मी शेजारीच होते, त्यांचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

"लिहिलं का, बेटा?"

"नाही काका. या हफ्त्यात टाइमच नाही मिळाला."

"अच्छा. पोहे खाल्ले?"

"हो, खाल्ले."

"पोह्यांना टाइम मिळाला नी? मग त्याच्या बाजूला बसून दोन ओळी लिही. टेंशन नको घेऊस. खराब लिही. पण लिही."

"खराब लिही" असं सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे सगळे उत्तम लिहा म्हणतात आणि मग कोणीच लिहीत नाही.

पोह्यांवरून आठवलं. कोणाचं लिखाण मासिकाकडून परत आलं, की टिल्लूजींच्या घरी पोहे-जलेबी व्हायची. त्याला नावच पडलं होतं, परतीचे पोहे. मंगलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वाफेवरचे पोहे करायच्या. वर शेव, जीरावनचा मसाला, डाळिंबाचे दाणे. इंदूरची माणसं चहात शेव घालत नाहीत हीच मेहेरबानी. ज्याचं परत आलं त्याला पहिली बशी. टिल्लूजींचं म्हणणं असं, की परत आलं याचा अर्थ पाठवलं होतं, आणि पाठवलं याचा अर्थ पुरं केलं होतं, मग तोंड गोड नको करायला? हल्ली मासिकं परत पाठवायचेही कष्ट घेत नाहीत, उत्तरच येत नाही. त्यावर त्यांनी तोड काढली होती. दिवाळीपर्यंत उत्तर नाही आलं, तर परत आलं असं समजायचं आणि पोह्यांचा हक्क लागू! काकू म्हणायच्या, "ह्यांच्या साहित्यसेवेत माझे कांदे संपतात." पण कढई त्याच चढवायच्या.

एकदा मी विचारलं, "टिल्लूजी, तुम्ही का नाही कधी काही वाचत?"

"अरे वा! सगळेच बोहल्यावर चढले तर अक्षता कोण टाकणार?" असं म्हणून त्यांनी खुर्च्या सरळ करायला घेतल्या. सगळे हसले, मीही हसले, आणि तो विषय तिथंच संपला.

रजनीची कथा तिच्या आजीची होती. ही आजी पलटणीतल्या जवानांच्या वर्द्या धुवायची आणि त्यांना कलफ लावायची. कलफ म्हणजे आपण खळ म्हणतो ती. कडक कलफ लावलेली वर्दी उभी केली तर उभी राहायची, म्हणे. नवऱ्याची पलटण सरहद्दीवर गेली, तेव्हा घरात राहिलेल्या त्याच्या एका वर्दीला आजी दर रविवारी पुन्हा धुऊन पुन्हा कलफ लावायची. एवढीच गोष्ट. रजनी ती एकेक पान आणायची. मी आपली बँकेतली बाई, पण खरं सांगते, तिसऱ्या शनिवारी मला "फिर?" म्हणावंसं वाटलं आणि मी म्हटलंसुद्धा. टिल्लूजींनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि त्यांना इतका आनंद झाला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग तो कार्यक्रम झाला. गावातल्या मराठी मंडळींनी एका सभागृहात लेखकांचा मेळावा ठेवला होता. अध्यक्ष म्हणून महाराष्ट्रातून एक संपादक आले होते. टिल्लूजींनी रजनीचं नाव वाचनासाठी दिलं. ती नवीन साडी नेसून आली. माइकसमोर उभी राहिली. सगळी शाळा हिंदीतून झालेली. भरल्या सभेत बोलायचं म्हणून बिचारीनं ठेवणीतला शब्द काढला.

"मी रजनी इंगळे. मी मराठीत लिहिण्याची चेष्टा करते आहे."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिला म्हणायचं होतं, मी आपली धडपड करते आहे. पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. तिनं कथेची पहिली पानं वाचली, चांगली वाचली. शेवटी पाहुणे बोलायला उठले. माणूस वाईट नसावा, टाळीचा भुकेला होता. म्हणाले, "आमच्या रजनीताईंनी सुरुवातीलाच कबूल केलं, की ही मराठीची चेष्टा आहे! त्यावर मी पामर आणखी काय बोलणार?"

सभागृह हसलं. रजनीही हसली, कारण सगळे हसत होते. खाली येऊन माझ्या शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "ताई, काय झालं? मी काय बोलले?" मी सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. तिचा चेहरा असा उतरला, की मला त्या पाहुण्यांच्या हातातला नारळ त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला. टिल्लूजी पहिल्या रांगेत होते. ते हसले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर ते पाहुण्यांच्या पंगतीला बसले नाहीत. काकूंना घेऊन न जेवता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना रजनी म्हणाली, "बस झालं ताई. मराठी आपली नाही. घरात बोलतो ती काय, ना हिंदी ना मराठी. उगाच कोणाची भाषा खराब करायची." कथा शेवटापासून दोन-तीन पानांवर आली होती. ती म्हणाली, मोबाइलमधून काढून टाकते. मी म्हटलं, खबरदार. तिनं काढली नाही, पण शनिवारी येणं बंद केलं. गुरुवारी टिल्लूजींचा फोन यायचा, तो नुसता वाजत राहायचा. तिकडे सुदामा नगरला तिची खुर्ची दर शनिवारी मांडलेली असायची. नवीन कोणी त्यात बसायला लागलं, तर टिल्लूजी म्हणायचे, "ती भरलेली आहे. तुम्ही इकडे या."

महिना झाला, दुसरा लागला. एका रविवारी सकाळी त्यांचा मला फोन आला. "महूला चलतेस का? तुझी काकू मला स्कूटर चालवू देत नाही." मागच्या वर्षी एका खड्ड्यात पडल्यापासून त्यांची स्कूटर जप्त झाली होती. तर मी माझ्या स्कूटीवर, मागं हेल्मेट घातलेले टिल्लूजी, गुडघे दोन्ही बाजूंना रुंद फाकलेले, अशी आमची वरात निघाली. वाटेतल्या राऊ गावापर्यंत ट्रकवाले आमच्याकडे बघून हॉर्न देत होते. टिल्लूजी त्यांना हात करत होते.

रजनीच्या घरी तिच्या आईनं आमचं मनापासून स्वागत केलं. भिंतीवर आजोबांचा वर्दीतला फोटो, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. चहा आला, शेव आली. रजनी खाली मान घालून बसली.

टिल्लूजी म्हणाले, "बेटा, एक ऐक. हिंदीतली चेष्टा आपण करतो. मराठीतली चेष्टा लोक करतात. जो पहिली करेल त्याची दुसरी होणारच. होऊ दे. पण दुसरी झाली म्हणून पहिली सोडायची नाही."

"बोलायला सोपं आहे काका," रजनी म्हणाली. "तुमच्यावर हॉल नाही हसला."

टिल्लूजींनी हातातला कप खाली ठेवला.

"माझ्यावर मांडव हसला होता," ते म्हणाले. "मी कॉलेजात होतो. माझी आई लोकांचे कपडे शिवायची. वडील लवकर गेले. तिच्यावर मी एक गोष्ट लिहिली, जिंदगीतली पहिली. घरातल्या एका लग्नात पुण्याचे काका आले होते, मोठे विद्वान. आईच मला बोलली, त्यांना वाचून दाखव. मी वाचली. पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या आईने मला उत्तम शिक्षा दिली.'"

मी तोंडावर हात धरला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे काय, ते सांगायला नको.

"काका बोलले, उत्तम शिक्षा? म्हणजे उठाबशा काढायला लावल्या, की अंगठे धरायला? झालं! सगळे हसले. आणि सगळ्यांत वाईट काय माहीत आहे? आईसुद्धा हसली. तिला वाटलं, पोरानं काही मजेदार लिहिलं आहे. ती इतकी खूश होऊन हसत होती, मी तिला काय सांगणार? मी तो कागद खिशात घातला. त्यानंतर मी लिहिलं नाही."

रजनीची आई दाराशी उभी होती, ती तशीच उभी राहिली. रजनीनं मान वर केली.

"म्हणजे काका, तुम्ही पहिली सोडलीत."

मला वाटलं, आता टिल्लूजी काहीतरी गमतीचं बोलून सुटतील. पण ते तसं काही बोलले नाहीत.

"हो. सोडली. म्हणून तर इथपर्यंत आलो. सोडल्यावर काय होतं, ते मला माहीत आहे."

"काय होतं?"

"काहीच होत नाही बेटा. नोकरी होते, लग्न होतं, घर बांधून होतं. सगळं ठीक चालतं. मला वाटायचं, करू पुरी कधीतरी, आईला वाचून दाखवू, तिला सांगू की ते हसण्यासारखं नव्हतं. ती गेली. फिर सांगायचं कोणाला?"

माझे डोळे भरून आले होते, मी शेवेच्या बशीकडे बघत बसले.

रजनी उठली, आत गेली, बाहेर आली. म्हणाली, "मी येते शनिवारी. पण माझी एक शर्त आहे. तुमचं एक पान पाहिजे. आईचं."

"अरे बेटा, आता या उमरीत..."

"सकाळी पोहे खाल्ले का, काका?"

टिल्लूजी मग एवढ्या मोठ्यांदा हसले, की शेजारची बाई डोकावून गेली.

परत येताना टिल्लूजी राऊ गेल्यावर म्हणाले, "ही पोरगी मला शिक्षा देणार."

"कुठली, मराठीतली की हिंदीतली?"

"दोन्ही," ते म्हणाले.

रजनी आली. तिची खुर्ची तिथंच होती, बसली. वाचायला उठली तेव्हा सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाली, "मी मराठीत लिहिण्याची चेष्टा करते आहे." डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून त्या घरात प्रयत्न हा शब्दच बंद झाला. "काय, चेष्टा कशी चालली आहे?" अशीच विचारपूस व्हायची. बाहेरच्या माणसाला वाटावं, ही सगळी एकमेकांची थट्टा करायला जमतात.

तिची कथा पुरी झाली. कोणीतरी सुचवलं, की महाराष्ट्रात पाठवायची तर कलफच्या जागी खळ कर. टिल्लूजी म्हणाले, "आजी कलफ बोलायची नी? मग आता आजीला खळ कोण लावणार?" कथा कलफसकट गेली आणि परत आली. पोहे झाले. पुन्हा गेली, पुन्हा पोहे. तिसऱ्या ठिकाणी स्वीकारली गेली, एक शब्द न बदलता. मासिकाचा तो अंक रजनीनं आणला, तेव्हा काकूंनी तो आधी देवापुढं ठेवला. मग म्हणाल्या, "आता आज पोहे करायचे की नाही? नियमात काय बसतं ते सांगा बाई." शेवटी श्रीखंड झालं.

आणि टिल्लूजींचं पान? ते काही येईना. आयुष्यभर ज्यांनी लोकांचे बहाणे ऐकले, त्यांच्या तोंडी ते सगळे बहाणे ओळीनं आले. नातू आला होता. डोळ्यांत थेंब घातले होते. एका शनिवारी तर म्हणाले, "रात्री लाईट गेली होती." बिजली विभागातल्या माणसानं हे सांगावं! डॉक्टर म्हणाले, "टिल्लूजी, खराब लिहा, पण लिहा." काकू आतून ओरडल्या, "कागद घेऊन बसतात हो. बसतात आणि उठतात." सगळे हसले, पण रजनी हसली नाही. गुरुवारी सकाळी बँक उघडण्याआधी ती त्यांना फोन करायला लागली. मी शेजारीच असायचे. तिकडून काय उत्तर यायचं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. ती चिडायची नाही. "बरं काका. पुढच्या गुरुवारी," असं म्हणून फोन ठेवायची. मलाच राग यायचा. दुसऱ्यांना सांगायला पुढं आणि स्वतःची वेळ आली की पाय मागं! पण मग तो मांडव आठवायचा, आणि त्यात खूश होऊन हसणारी त्यांची आई. राग टिकायचा नाही.

होता होता माझी नाशिकला बदली झाली. निघायचा दिवस नेमका शनिवार. संध्याकाळची बस होती. सामान ऑटोत घालून मी ऑटोवाल्याला इंदुरी थाटात म्हटलं, "भिया, आधी सुदामा नगर. दोन मिनिटांचं काम आहे." निरोप घ्यायचा आणि निघायचं, एवढंच ठरवलं होतं.

चपला काढून आत गेले तर टिल्लूजी नेहमीच्या जागी नव्हते. वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसले होते, लांब पाय आखडून, शाळेतल्या पोरासारखे. हातात एक कागद होता. त्यांच्या जागी रजनी बसली होती, डोळे मिटून.

ते वाचायला लागले. "माझ्या आईने मला उत्तम शिक्षा दिली."

आणि थांबले. चष्म्यावरून एकेकाकडे बघितलं. डॉक्टरांकडे, माझ्याकडे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंकडे. ते हसण्याची वाट बघत होते. कोणीच हसलं नाही.

रजनीनं एक डोळा उघडला. "फिर?"

टिल्लूजींनी मान खाली घातली आणि पुढची ओळ वाचली. मग त्याच्या पुढची. आई मशीन चालवायची आणि ते तिच्या पायाशी बसून पाढे म्हणायचे. पाढा चुकला की मशीन थांबायची. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी काकूंच्या पाया पडले, रजनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज न करता बाहेर आले. खिडकीतून टिल्लूजींचा आवाज येत होता. आता तो कुठं अडत नव्हता.

ओट्यावर चपला घालताना मी म्हटलं, "छान." बाहेर येऊनच म्हटलं. नियम मोडला नाही.